पट्टीची खूण : पेटी वाजविणारांसाठी एक धडा

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका खेड्यात एक वृद्ध बाई प्रभूत निजल्या होत्या, आणि त्यांच्या दफनविधीच्या वेळी पेटी वाजविण्याचे काम मजकडे आले. गीत सर्वांच्या परिचयाचे होते. त्याची चाल विल्यम हेन्री मंक ह्यांनी १८६१ साली केलेली, ‘इव्हनटाइड’ नावाची. आजवर ती मी कानांनीच ऐकली होती. पण त्या दिवशी कोणी मला पाच रेघांच्या स्वरलिपीचे पुस्तक दिले, आणि मी नुकताच ती लिपी वाचावयास शिकलो असल्यामुळे मोठ्या हौसेने ते पेटीवर मांडले. रेघेवर जे टिंब दिसेल त्याची पांढरी पट्टी दाबावी, एवढीच माझी विद्या. प्रत्येक ओळीच्या आरंभी तीन बारीक खुणा होत्या, त्या मला छापणाराने शोभेसाठी घातल्या असाव्यात असे वाटले.

पहिले तीन स्वर बरोबर निघाले. चौथ्या स्वरावर मंडळी एकीकडे आणि पेटी एकीकडे झाली. मी जोराने भाता मारू लागलो, तसतसा गोंधळ वाढला. शेवटी माझ्या शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि आपल्याच सुरात गीत उचलले. मंडळीने ते पेटीवाचून शेवटास नेले. मला कोणी शब्दाने बोलले नाही; पण ती शरम अद्याप माझ्या मनातून गेलेली नाही.

त्या रात्री कंदिलापुढे पुस्तक घेऊन बसलो असता दुसऱ्या ओळीच्या शेवटास, अखेरच्या स्वराच्या लगत आधी, एका टिंबामागे एक चौकोनी खूण दिसली. तिचे नाव ‘नॅचरल’, आणि तिचा अर्थ ‘ही पट्टी पांढरीच वाजवावी’, एवढे मला ठाऊक होते. तेव्हा मनात प्रश्न आला की, जी पट्टी मुळातच पांढरी, तिला पांढरी वाजवा असे सांगण्याचे प्रयोजन काय? कोणी तरी ती अगोदर काळी केली असली पाहिजे. ती कोणी केली? ओळीच्या आरंभीच्या त्या तीन खुणांनी! मी ज्यांस शोभा समजलो होतो त्या खुणा हाच त्या पानावरचा पहिला हुकूम होता. ह्या खुणांच्या समूहास इंग्रजीत ‘की सिग्नेचर’ म्हणतात. आपण तिला पट्टीची खूण म्हणू. कारण ती गाण्याची पट्टी सांगते, दुसरे काही सांगत नाही.

ती कोठे असते हे प्रथम पाहू. पाच रेघांच्या अगदी डावीकडे एक वळणदार मोठी खूण असते, ती क्लेफ. तिच्या लगत उजवीकडे पट्टीची खूण असते. त्यानंतर एकावर एक असे दोन आकडे असतात, ते तालाचे होत. त्यांचा ह्या धड्याशी संबंध नाही. तालाचे आकडे चालीच्या आरंभी एकदाच येतात, परंतु पट्टीची खूण प्रत्येक ओळीच्या आरंभी पुनः छापतात. उजव्या हाताच्या पाच रेघांवर व डाव्या हाताच्या पाच रेघांवर ती सारखीच असते. रेघांची जागा मात्र बदलते, म्हणून ती दोन निरनिराळ्या खुणा आहेत असे नवशिक्यास वाटते. खुणा दोन जातींच्या असतात. दोन उभ्या व दोन आडव्या रेघांची जाळी असेल तर ती शार्प : नेमलेली पट्टी सोडून तिच्या लगत उजवीकडची वाजवावी. इंग्रजी लहान ‘बी’ अक्षरासारखी असेल तर ती फ्लॅट : लगत डावीकडची वाजवावी. एका चालीच्या आरंभी सर्व शार्प तरी असतात किंवा सर्व फ्लॅट तरी असतात, मिसळ नसते. आणि खूण जरी एकाच रेघेवर असली तरी त्या नावाच्या सर्व पट्ट्यांस, मग त्या खर्जातल्या असोत की तार सप्तकातल्या, ती सारखीच लागू होते.

आता पट्ट्यांची नावे. आपले गवई ‘मी पांढरी चारमध्ये गातो’, ‘बाईंची काळी पाच आहे’ असे म्हणतात, तीच मोजणी येथे उपयोगी पडते. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगत डावीकडची ती पांढरी एक. तेथून पांढऱ्या एक ते सात, व काळ्या एक ते पाच. इंग्रजी पुस्तकांत पांढऱ्यांची नावे क्रमाने सी, डी, ई, एफ, जी, ए, बी अशी आहेत. म्हणजे पांढरी चार ही एफ, आणि काळी पाच ही बीचा फ्लॅट. तीच काळी पाच एचा शार्पही आहे. एकाच पट्टीस दोन नावे पाहून घाबरू नये. एकाच मनुष्यास घरात बाबा आणि शाळेत गुरुजी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

पण येथे आपल्याकडील शिकलेल्या मनुष्याची एक ठरलेली चूक होते, आणि ती माझ्या चुकीपेक्षा अधिक फसवी आहे. तो म्हणतो, ‘फ्लॅट म्हणजे कोमल. ह्या चालीस तीन फ्लॅट आहेत. म्हणजे नी, ग, ध कोमल. म्हणजे हा आसावरी थाट.’ आणि पांढरी एक षड्ज धरून तो चाल आसावरीची समजून गाऊ लागतो. हे खरे नव्हे. आपल्या संगीतात कोमल व तीव्र ही नावे षड्जाच्या मानाने आहेत. षड्ज कोठेही धरा, त्याच्यापुढचा कोमल ऋषभ कोमलच राहतो. इंग्रजी शार्प व फ्लॅट हे षड्जाकडे पाहत नाहीत. ते पेटीवरच्या पट्टीचे नाव सांगतात. आपल्या पुस्तकांतील बहुतेक चालींत, खुणा शून्य असोत की सहा, मूळ सप्तक शुद्ध स्वरांचेच असते, म्हणजे बिलावल थाटाचे. खूण रागाविषयी काही सांगत नाही. ती म्हणते, ‘तुझा षड्ज येथे ठेव.’

मग षड्ज सरकविताच काळ्या पट्ट्या का लागतात? शुद्ध सप्तकात ग व म आणि नी व वरचा सा हे लगतचे शेजारी आहेत. बाकीच्या प्रत्येक दोन स्वरांच्या मध्ये एक पट्टी सुटते. पांढरी एक षड्ज धरली तर हे अंतर नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांनी आपोआप जुळते, म्हणून त्या पट्टीस एकही खूण नाही. आता षड्ज पंचमावर, म्हणजे पांढरी पाचवर न्या, आणि बोटांनी सप्तक वाजवून पाहा. सहा स्वर बरोबर येतात. सातवा, निषाद, एक पट्टी खाली पडतो. तो वर उचलण्यासाठी पांढरी चार सोडून काळी तीन घ्यावी लागते. जुन्या षड्जाचा जो मध्यम, त्यास तीव्र केले की तो नव्या षड्जाचा शुद्ध निषाद होतो. हाच पहिला शार्प, एफचा. पुनः पंचमावर जा, दुसरा शार्प लागेल. पुनः जा, तिसरा. प्रत्येक वेळी नवा शार्प नव्या निषादासाठीच येतो.

ह्यावरून शार्पांचा नियम निघतो, आणि तो पाठ करावयाचीसुद्धा गरज नाही : उजवीकडचा शेवटचा शार्प हा निषाद होय, त्याच्या लगत वरची पट्टी षड्ज. एक शार्प असेल तर शेवटचा एफचा. त्याच्यावर जी, पांढरी पाच. दोन असतील तर शेवटचा सीचा. षड्ज पांढरी दोन. तिसरा जीचा, षड्ज पांढरी सहा. चौथा डीचा, षड्ज पांढरी तीन. पाच शार्पांस पांढरी सात, सहांस काळी तीन. शार्प म्हणजे काळीच पट्टी असा समज मात्र करून घेऊ नये. सहावा शार्प ईचा आहे, आणि ईच्या लगत उजवीकडे काळी नाहीच, पांढरी चार आहे.

फ्लॅटांचे उलट आहे. षड्ज पंचमाऐवजी मध्यमावर, म्हणजे पांढरी चारवर न्या. आता मध्यम फार वर जातो. त्यास खाली आणण्यासाठी पांढरी सात सोडून काळी पाच घ्यावी लागते. म्हणजे प्रत्येक नवा फ्लॅट नव्या मध्यमासाठी येतो. शेवटच्या फ्लॅटास ‘म’ म्हणावे आणि ग, रे, सा असे खाली उतरावे. ह्याहून सोपी युक्ती अशी की, दोन किंवा अधिक फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हाच षड्ज. माझ्या त्या दिवशीच्या चालीस बी, ई व ए ह्यांचे तीन फ्लॅट होते. शेवटून दुसरा ई. म्हणून षड्ज ईचा फ्लॅट, म्हणजे काळी दोन. दोन फ्लॅटांस काळी पाच, चारांस काळी चार, पाचांस काळी एक, आणि सहांस काळी तीन. एकच फ्लॅट असेल तेव्हा शेवटून दुसरा नसतो, म्हणून पांढरी चार एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते. सहा शार्पांनीही आपण काळी तीनवर पोहोचलो होतो आणि सहा फ्लॅटांनीही तेथेच आलो. दोन वाटांनी निघालेले दोघे वाटसरू एकाच विहिरीपाशी भेटतात, तसे हे बारा पट्ट्यांचे वर्तुळ पुरे होते.

खुणांचा क्रम कधी बदलत नाही. शार्प एफ, सी, जी, डी, ए, ई, बी ह्याच क्रमाने येतात. फ्लॅट नेमके उलट्या क्रमाने, बीपासून. ज्यांस इंग्रजी अक्षरे जड जातात त्यांनी पांढरी एक षड्ज धरून शार्पांस ‘म सा प रे ध ग नी’ आणि फ्लॅटांस ‘नी ग ध रे प सा म’ म्हणावे. आठ दिवसांत जिभेवर बसते. फ्लॅटांत बीचा फ्लॅट पहिला का, ह्यास एक जुने कारणही आहे. युरोपातील मध्ययुगीन मठांच्या गायनात ज्या एका स्वरास दोन रूपे मानीत तो बी हाच होता. त्याच्या खालच्या रूपासाठी गोल ‘बी’ लिहीत व वरच्या रूपासाठी चौकोनी. त्या गोल अक्षराची आजची फ्लॅटची खूण झाली, आणि चौकोनी अक्षरापासून नॅचरल व शार्प ह्या खुणा निघाल्या.

आता माझ्या चुकीकडे पुनः येतो, कारण ती पुष्कळांच्या हातून होते आणि कानाने ओळखता येते. तीन फ्लॅटांकडे दुर्लक्ष करून मी सर्व पांढऱ्या वाजविल्या, म्हणजे षड्ज काळी दोनवरून न कळत पांढरी तीनवर गेला. पांढरी तीन षड्ज धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजविल्या तर ऋषभ, गंधार, धैवत व निषाद हे चारही कोमल लागतात, आणि तो भैरवी थाट होतो. चाल गंधारावर उठते व ऋषभावरून षड्जावर उतरते. गंधारापासून ऋषभापर्यंतचे अंतर दोन्हींकडे सारखेच आहे, म्हणून पहिले तीन स्वर जुळले. पण ऋषभापासून षड्जापर्यंतचे अंतर भैरवीत निम्मे आहे, म्हणून चौथ्यावर ताटातूट झाली. मी मंक साहेबांची चाल भैरवीत वाजवीत होतो आणि बिचारी मंडळी बिलावलात गात होती! भैरवी गोड आहे, पण ती ही चाल नव्हे.

हेच इतर पट्ट्यांस लावून पाहावे. एका शार्पाची चाल वाजविताना शार्प विसरला तर निषाद कोमल लागून खमाजाची छटा येते. दोन शार्प विसरले तर काफी होतो. तीन विसरले तर आसावरी. एक फ्लॅट विसरला तर मध्यम तीव्र होऊन कल्याण कानी पडतो. दोन फ्लॅट विसरले तर षड्ज पांढरी सातवर पडतो आणि पंचमच नाहीसा होतो. दहा थाटांपैकी कोणत्याही थाटात ते बसत नाही, व ऐकणारास नुसते चुकले असे वाटते. ज्या उपदेशकांचा कान भजनांवर तयार झाला आहे त्यांस पुस्तक न पाहताही पेटीवाला कोणती खूण विसरला हे ह्यावरून सांगता येईल. मी हा खेळ मुलांबरोबर पुष्कळ वेळा केला आहे, आणि नुसत्या नियमांपेक्षा त्यांस तो अधिक लवकर समजतो.

चालीच्या मध्येच एखाद्या टिंबामागे शार्प, फ्लॅट किंवा नॅचरल आला तर त्याने पट्टी बदलत नाही. ती खूण त्या उभ्या रेघेपर्यंतच, म्हणजे त्या एका घरापुरतीच चालते. पुढच्या घरात आरंभीचा हुकूम पुनः लागू होतो. ‘इव्हनटाइड’च्या दुसऱ्या ओळीच्या शेवटास जो नॅचरल आहे तो मध्यमास क्षणभर तीव्र करून पंचमावर पोहोचवितो, एवढेच त्याचे काम. मला मात्र त्याने फार मोठे काम करून दिले.

कित्येक जुन्या पुस्तकांत रेघा नसून नुसती इंग्रजी अक्षरे असतात : डो, रे, मी ह्यांची आद्याक्षरे. ही टॉनिक सोल्फा पद्धती होय. इंग्लंडात नॉरिच येथील सारा ग्लोव्हर ह्या बाईंनी पाठशाळेतील मुलांसाठी तिची मूळ रचना केली आणि जॉन कर्वेन ह्या पाळकांनी १८४१ नंतर तिला वाढवून सर्वत्र नेले. त्यांचा ‘डो’ आपल्या षड्जाप्रमाणेच सरकता आहे. म्हणून त्या पुस्तकांत पट्टीच्या खुणा नसतात. चालीच्या डोक्यावर ‘की जी’ किंवा ‘की डी’ असे नुसते लिहिलेले असते. म्हणजे तेथे षड्ज कोठे ठेवावा हे सरळ सांगितलेले असते, आणि पाच रेघांच्या पुस्तकात ते खुणांवरून काढावे लागते. आमच्या मते आपल्या लोकांस ही पद्धती अधिक जवळची आहे. पण चार सुरांत गाण्याची पुस्तके बहुधा रेघांचीच मिळतात, म्हणून रेघा वाचता आल्याच पाहिजेत.

एक अडचण राहिली. काही थोड्या चाली शुद्ध सप्तकाच्या नसून खिन्न सुराच्या असतात. इंग्रजीत त्यांस ‘मायनर’ म्हणतात. त्यांचे मूळ सप्तक आपल्या आसावरी थाटाशी जुळते. त्यांच्यासाठी निराळ्या खुणा नाहीत. एकाच खुणेत दोन घरे राहतात. खुणेवरून जो षड्ज निघेल त्याचा धैवत, हा मायनर चालीचा षड्ज. एका शार्पावरून पांढरी पाच निघाली तर मायनरचा षड्ज पांढरी तीन. मग दोहोंतून कोणता घ्यावा? चालीचा अखेरचा स्वर पाहा, आणि त्याखाली डाव्या हाताचा अगदी तळचा स्वर पाहा. चाल बहुधा आपल्या घरी येऊनच थांबते. ख्रिस्तजन्माच्या आधीच्या आठवड्यांत गातात ती ‘वेनी इमॅन्युएल’ नावाची जुनी चाल पुष्कळ पुस्तकांत एका शार्पाने छापलेली आहे. ती पांढरी पाचवर न थांबता पांढरी तीनवर थांबते, म्हणून ती मायनर. दुसरी ओळख अशी की, मायनर चालीत निषादास मधूनमधून शुद्ध करण्यासाठी टिंबामागे खूण घालावी लागते. आरंभी एकही खूण नसून मध्येच पाचव्या पांढरीस वारंवार शार्प दिसू लागला तर षड्ज पांढरी सहा असल्याचा संशय घ्यावा.

पट्टी ओळखता आली म्हणजे ती बदलताही येते, आणि खेड्यातील मंडळीस ह्याचाच अधिक उपयोग आहे. जॉन बॅकस डाइक्स ह्यांची १८६१ सालची ‘नाइसिया’ ही चाल जुन्या पुस्तकांत चार शार्पांची, म्हणजे पांढरी तीनची आहे. तीत तार षड्जापर्यंत जावे लागते, आणि सकाळच्या उपासनेत बाया व वयस्क पुरुष तेथे घसा ताणतात. काही तर त्या ठिकाणी ओठच मिटतात. नव्या पुस्तकांत ती पुष्कळदा दोन शार्पांनी, पांढरी दोनमध्ये दिलेली आढळते. जुने पुस्तक असेल त्याने स्वरांस आधी सरगमात लिहून काढावे आणि मग षड्ज पांढरी दोनवर ठेवून, काळी तीन व काळी एक ह्या दोन पट्ट्या सांभाळून वाजवावे. ज्यांच्या पेटीत सर्व पट्ट्या सरकविण्याची सोय आहे, किंवा ज्यांच्या देवळात विजेची पेटी असून कळ दाबताच पट्टी बदलते, त्यांस हे श्रम नकोत. परंतु वीज गेली आणि साधी पेटी पुढे आली म्हणजे त्यांची बोटे अडखळतात, हे आम्ही पाहिले आहे. विजेच्या पेटीवरील आकडा आधी शून्य आहे की नाही हे पाहूनच वाजवावयास बसावे. नाही तर बोट पांढरी पाचवर आणि सूर भलताच.

मी स्वतः आता प्रत्येक चालीच्या डोक्यावर पेन्सिलीने आपल्या मोजणीने पट्टी लिहून ठेवतो. ‘इव्हनटाइड’च्या पानावर ‘काळी दोन’ लिहिले आहे. ती चाल धैवताच्या वर जात नाही, म्हणून तिची पट्टी मी कधी बदलली नाही.